टेलिफोन खात्यातले आबा

ठरलं ते असं की आबा टेलिफोन खात्यात होते.

ठरवलं अर्थात मृदुलानं. सबनीसांच्या घरी काही ठरवायची वेळ आली की राजन खिडकीबाहेर बघू लागतो, सुचेताबाई भाजी निवडायला घेतात आणि सूनबाई ठरवून मोकळ्या होतात. हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या या घरात वीस वर्षं हीच लोकशाही नांदत होती. "खोटं कुठंय त्यात, बाबा?" ती म्हणाली होती. "सिग्नल्स म्हणजे टेलिफोनच की. कुणाचे टेलिफोन, एवढंच नाही सांगायचं." यावर पुण्याहून बायको सुचेताबाईंसह तीन महिन्यांसाठी आलेले लेफ्टनंट कर्नल नीळकंठ सबनीस, निवृत्त, वय वर्षं शहात्तर, "बरं" एवढंच म्हणाले होते.

बरं म्हणायला कारण होतं. ते कारण पंचवीस वर्षांचं होतं, त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसलं होतं आणि लहानपणी बसायचं तसंच त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाशी चाळा करत होतं. "आबा, प्लीज," त्यांची नात संहिता म्हणाली होती. मराठी तिला सगळं कळतं, पण मनातलं सांगायचं झालं की इंग्रजीच येतं. "जस्ट वन आफ्टरनून. फॉर मी."

संहिताला इनियन आवडला होता. इनियन जवळच्याच बेस्ट नावाच्या डच गावात इंजिनियर होता. सरळ नाकाचा, हसरा आणि दारातच बूट काढणारा मुलगा. सुचेताबाईंनी त्याला बूट काढतानाच पास करून टाकलं होतं. पण त्याची आई योगेश्वरी जाफन्याची. श्रीलंकेतल्या यादवीत भारतानं शांतिसेना पाठवली, सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात ती जाफना शहरात लढत लढत शिरली, तेव्हा एक तोफगोळा त्यांच्या पडवीत पडला. पडवीत तिचे वडील पेपर वाचत बसले होते. पुढं ती निर्वासित म्हणून इकडे आली, लग्न झालं, नवरा गेला, मुलगा एकटीनं वाढवला. त्या मुलाला तिनं आयुष्यात एकच अट घातली होती: कुणालाही घरी आण, त्या फौजेतलं कुणी आणू नकोस. आता ती रविवारी मुलीच्या घरच्यांना भेटायला येणार होती.

आणि नीळकंठ सबनीस त्या फौजेत होते. दोन वर्षं चार महिने.

"म्हणजे यांनी काय चोऱ्या केल्यात का लपवायला?" सुचेताबाई रविवारी सकाळी पुन्हा म्हणाल्या. दिवाणखान्यातला गणवेशातला फोटो मृदुलानं उतरवून कपाटात ठेवला होता, तेव्हापासून त्या धुसफुसत होत्या. "पदक मिळालंय माणसाला. लोक भिंतीवर लावतात, तुम्ही कपाटात कोंबताय."

"आई, एक दिवस. संध्याकाळी परत लावते."

"लाव. आणि हे काय, चिवडा प्लास्टिकात? स्टीलचे डबे नाहीत का तुझ्याकडे? माझ्या आईनं मला सात डब्यांचा संच दिला होता, एकात एक बसणारा. प्रत्येकावर माझं नाव. त्यातला तिसरा आमच्या या कर्नलसाहेबांनी श्रीलंकेत हरवला. एवढं बंदुका-दारूगोळा सांभाळणारी माणसं, एक डबा सांभाळता आला नाही!"

हा घरातला जुना विनोद होता. राजन हसला, मृदुला हसली. आबा उठले, कोट चढवला आणि फिरायला म्हणून बाहेर पडले.

बाहेर धुकं होतं. एप्रिल असूनही ते सकाळपासून रेंगाळलं होतं, कालव्यावर आणि गवतावर, आणि घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या वर मात्र स्वच्छ ऊन होतं. हा सगळा मुलूख पूर्वी तलाव होता, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाणी उपसून काढलं, हे राजननं त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हापासून इथं चालताना आबांना वाटायचं, आपण तळाशी चालतोय. वरून विमान उतरायचं ते दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा, आणि वाटायचं, वर कुणीतरी होडी वल्हवत चाललंय.

ते किल्ल्यापर्यंत गेले. किल्ला कसला, गवतानं मढवलेली एक बुटकी दगडी टेकडी. पण सैनिकाच्या डोळ्याला तो आवडायचा. शत्रू आला की इथली माणसं आपल्याच शेतांत पाणी सोडायची. गुडघाभर पाणी. शिपायाला चालायला जास्त, होडीला कमी. राजन मागून सायकल घेऊन आला आणि काही न बोलता शेजारी चालू लागला.

"बाबा, तब्येत बरी नाही म्हणून वर झोपून राहिलात तरी चालेल," तो थोड्या वेळानं म्हणाला. "मी सांभाळतो मृदुलाला."

"तू? सांभाळतोस?"

राजन ओशाळून हसला. "तेरा वर्षांचा होतो मी तेव्हा. 'बाबा तिकडं आहेत' एवढंच माहीत. तिकडं काय करत होतात, ते कधी तुम्ही सांगितलं नाहीत, आम्हीही विचारलं नाही."

"ऐकत होतो," आबा म्हणाले. "कानाला यंत्र लावून त्या पोरांचं बोलणं ऐकत बसायचो."

पोरं म्हणजे बंडखोर. तिकडं सगळे त्यांना पोरंच म्हणत. आणि बोलता बोलता धुक्यातून आबांना तो सपाट प्रदेश दिसू लागला. तोही असाच, समुद्राच्या पातळीला टेकलेला, तिथंही खाडीचं पाणी असंच राखाडी. फक्त झाडं ताडाची आणि वाऱ्यात त्यांची कोरडी सळसळ. रस्त्याच्या वळणावर एक शिंप्याचं दुकान. दाराशी अडकवलेला सदरा. पांढरा असला की सगळं ठीक. निळा असला की पोरं गावात आहेत. एका पहाटे तो निळा दिसला म्हणून तीस जवानांची तुकडी मागं वळली, आणि दुपारी त्याच वळणावर सुरुंग सापडला, बैलगाडीच्या चाकाएवढा. तीस जणांपैकी एकालाही कधी कळलं नाही की आपल्याला एका सदऱ्यानं वाचवलं.

"बाबा, घर मागं राहिलं," राजन म्हणाला.

योगेश्वरी तीन वाजता म्हणजे तीनला आली. पस्तीस वर्षांत डच लोकांकडून ती एवढं नक्की शिकली होती. ठेंगणी, काळीसावळी, केस घट्ट बांधलेले, मोरपंखी साडीवर जाड लोकरी कोट. वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करणाऱ्या बाईची नजर असते तशी तिची नजर आल्या आल्या दोन्ही म्हाताऱ्यांवरून फिरली: चालतात कसे, हात थरथरतो का. मग ती सुचेताबाईंकडे बघून हसली. सुचेताबाईंनी सवाष्ण-विधवा न बघता तिला हळदीकुंकू लावलं, तिनं मान पुढं केली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मध्येच डचमध्ये. पोहे झाले, चिवडा झाला. हवा, रेल्वे, इनियनचं लहानपण. मृदुला इतकं गोड बोलत होती की राजननं दोनदा चमकून तिच्याकडे बघितलं. "आणि आपण टेलिफोनमध्ये होता?" योगेश्वरीनं आबांना विचारलं. "हो," आबा म्हणाले, "टेलिफोनमध्ये." संहितानं सोफ्याच्या कडेवरून त्यांच्याकडे असं बघितलं की त्या एका नजरेसाठी त्यांनी आणखी दहा खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या.

ऊन आता आत आलं होतं. काचेतून कालव्यावरचा उजेड छतावर हलत होता. आबांना झापड आल्यासारखं झालं होतं. माणसांचे आवाज येत होते, अर्थ मात्र अर्ध्या वाटेत विरत होते, आणि त्या गोड सुस्तीत त्यांना खूप जवळून, अगदी ओळखीच्या सुरात एक वाक्य ऐकू आलं. योगेश्वरी मुलाला हळूच म्हणत होती: चहा फार गोड आहे, डॉक्टर रागावतील, पण तू गप्प बस, त्यांना वाईट वाटेल, मी पिते.

"मृदुला," आबांनी आत हाक मारली, "यांना बिनसाखरेचा चहा कर गं. डायबेटिस आहे त्यांना."

"हो, करते! त्यांनी कधी सांगितलं, बाबा?" मृदुला स्वयंपाकघरातून म्हणाली.

इनियननं मान वर करून आबांकडे बघितलं.

पाहुण्याला नको असलेलं त्याच्या घशाखाली जाऊ द्यायचं नाही, हे सबनीसांच्या हाडात मुरलेलं होतं. सत्तावीस वर्षं सैन्यात काढून, त्यातली पाच हेरखात्याशी जोडलेली, शत्रूच्या प्रदेशात तोंडातून चकार शब्द न काढलेला माणूस एका कप चहापायी पकडला गेला.

योगेश्वरीनं कप खाली ठेवला. "तुम्हाला तमिळ येतं," ती म्हणाली. ती हे विचारत नव्हती.

मृदुला धावतच बाहेर आली. "बाबा मद्रासला होते ना दोन वर्षं! टेलिफोनच्या कामाला. तिथं थोडं थोडं..."

"बोला बघू काहीतरी," योगेश्वरी आबांना म्हणाली, तमिळमध्ये.

आबा गप्प बसू शकले असते. पण समोरची बाई उत्तराची वाट बघत होती आणि त्यांनी आधीच तिचा चहा बिघडवला होता. "रागावू नका," ते म्हणाले. "चहा बदलून देतो."

योगेश्वरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मद्रासचा माणूस असं बोलत नाही," ती इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. "ही आमची बोली आहे. माझ्या आईच्या माहेरची. तुम्हाला कुणी शिकवली?"

आबांनी संहिताकडे बघितलं. ती अगदी किंचित मान हलवत होती: नको. तिचे डोळे भरले होते. हिच्या जन्मानंतर दवाखान्यात हिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं होतं तेव्हा त्यांना हुंदका फुटला होता, आणि सुचेताबाई म्हणाल्या होत्या, अहो, आनंदाच्या वेळी काय हे. रडण्याचं कारण त्यांनी सांगितलं नव्हतं.

"एका शिंप्यानं," आबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. इंग्रजीत, सावकाश. मी सैन्यात होतो, शांतिसेनेत होतो. जाफना शहरात नव्हतो, तिथून तीस किलोमीटरवर. तोफा माझ्या हातात नव्हत्या, पण त्या डागणाऱ्यांना मी माझेच म्हणत होतो. पोरांचं बोलणं ऐकण्यासाठी मला ती बोली हवी होती. एक शिंपी गणवेश दुरुस्त करायला घ्यायचा. त्याच्या धाकट्या भावाला पोरांच्याच एका गटानं मारलं होतं, कारण तो दुसऱ्या गटात होता. तो मला बोली शिकवायचा, बटणं लावता लावता. पुढं बातम्या देऊ लागला. पैसे कधी घेतले नाहीत.

योगेश्वरी उठून उभी राहिली. इनियनही उठला. दाराजवळच्या खुंटीवर तिचा कोट होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, पण पाऊल उचललं नव्हतं.

"खबऱ्या," ती म्हणाली.

"हो."

"मग? मारला त्यांनी?"

"माझ्यामुळं मारला."

इथून पुढचं आबा कधीच, कुणालाच बोलले नव्हते. सुचेताबाई त्यांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. तिकडं त्यांना बघवेना. ते छतावरच्या हलत्या उजेडाकडे बघत बोलत राहिले. "त्याची बायको बाळंत व्हायची होती. मी घरी पत्रात लिहिलं, इथल्या एका ओळखीच्या माणसाकडे बाळंतपण आहे. आमच्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीला रजेवरून येणाऱ्या जवानाबरोबर घरून फराळ आला आणि तिच्यासाठी वेगळा एक डबा आला. स्टीलचा. झाकणावर नाव कोरलेलं."

"कुठला डबा?" सुचेताबाईंनी मराठीत विचारलं.

"तिसरा," आबा म्हणाले.

सुचेताबाईंचा हात मांडीवरून गळ्यापाशी गेला आणि तिथंच राहिला.

"लाडू कागदात बांधून न्यायला हवे होते. नवशिक्या शिपायालाही हे कळलं असतं. पण मी म्हटलं, बाळंतिणीला कागदात काय द्यायचं? डबाच दिला. आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हे त्यांच्याकडेही होतं. तिनं तो घासून फळीवर ठेवला, काहीतरी भरून द्यायचं म्हणून. बाळ बघायला गावातल्या बायका आल्या. आमची अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती. पण ती तमिळ नाहीत आणि सिंहलीही नाहीत, एवढं कळायला वाचता यावं लागत नाही."

वरून एक विमान गेलं. त्याचा आवाज संपेपर्यंत आबा थांबले.

"डबा दिल्यापासून नवव्या दिवशी तो वळणावरच्या खांबाला बांधलेला मिळाला. डबा त्याच्या गळ्यात अडकवला होता. आमची गस्त गेली तेव्हा मी बरोबर होतो. खाली उतरवण्याआधी मी डबा काढला आणि खाडीत फेकला, अहवालात येऊ नये म्हणून. घरी लिहिलं, हरवला."

मृदुला भिंतीला टेकून उभी होती, हातात तो नवा चहा, बिनसाखरेचा. आपण चार दिवस कशावर पांघरूण घालत होतो हे तिला आत्ता कळत होतं, आणि ती रडत होती. राजन उठून आईच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. एरवी असल्या वेळी खिडकी शोधणारा माणूस, पण आज त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो बाजूला सारला.

"आणि बाळंतीण?" सुचेताबाई म्हणाल्या.

"काय?"

"ती बाळंतीण. तिचं काय झालं? लेकराचं काय झालं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"माणूस गेला की त्याचा नंबर खोडायचा, सुचेता. घराकडे फिरकायचं नाही. मी गेलो असतो तर तिलाही..."

"तेव्हाचं नाही म्हणत मी. नंतर. नव्वद साली परत आलात. त्यानंतर कधी तरी. एक पत्र. कुणाला तरी विचारायचं. सदतीस वर्षं झाली, अहो." त्यांचा आवाज चढला नव्हता आणि म्हणूनच आबांना तो सहन होईना. "सदतीस वर्षं मी त्या डब्यावरून तुम्हाला हसत आले. चारचौघांत. तुम्ही ऐकून घेत राहिलात. मला वाटायचं, किती सोशिक नवरा आहे माझा."

आजपर्यंत आबांनी स्वतःला डब्याबद्दल शिक्षा केली होती, रोज, नेमानं. त्या बाईचं काय झालं हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं, आणि ते राहून गेलंय हेही त्यांना आज बायकोनं विचारल्यावर कळलं.

योगेश्वरीला मराठी कळलं नव्हतं, पण काय विचारलं गेलं ते बहुतेक कळलं. ती परत येऊन बसली. पर्समधून तिनं फोन काढला. "कुठलं गाव?" तिनं विचारलं. आबांनी सांगितलं. तिनं फोन चालू केला. "त्या गावची माझी मावसबहीण टोरांटोत आहे. आमची प्रत्येक गावाची मंडळं आहेत, टोरांटोला, पॅरिसला, ऑस्लोला. कोण जगलं, कोण गेलं, कुणाची मुलं कुठं, सगळं असतं त्यांच्याकडे. शिंप्याचं नाव सांगा. दहा मिनिटांत कळेल."

संहिता उठून आबांच्या पायाशी येऊन बसली. "आबा," ती म्हणाली, "टेल हर. आबा, ती मदत करतेय." तिचा चेहरा उजळला होता. तिला दिसत होतं ते सगळ्यांनाच दिसत होतं: एक नाव, एक फोन, पलीकडे एक जिवंत बाई, आणि मग या खोलीतलं सगळं सैल होईल, लग्नसुद्धा. राजनलाही तेच वाटत होतं. मृदुलालाही.

आणि आबांना ते सगळ्यांहून जास्त हवं होतं. ते नाव त्यांच्या जिभेवर आलंच होतं. कागदावर त्याला नंबर होता. नाव फक्त त्यांच्याकडे होतं. दर पितृपक्षात तर्पण करताना ते एक ओंजळ बिननावाची सोडायचे. भटजींनी एकदा विचारलं होतं, ही कुणासाठी? ते म्हणाले होते, मित्रासाठी.

"आता त्या गावात त्याच्याबद्दल काय बोलत असतील?" त्यांनी योगेश्वरीला विचारलं.

"जे सगळ्यांबद्दल बोलतात तेच. अर्धं गाव म्हणत असेल, होता खबऱ्या. अर्धं म्हणत असेल, बिचारा, चुकून मारला. चुकून मारलेलेही खूप होते."

"आणि त्याच्या घरचे?"

ती हातातल्या फोनकडे बघू लागली.

"त्याच्या घरचे त्या दुसऱ्या अर्ध्या गावाच्या भरवशावर जगले असतील," आबा म्हणाले. "भारताचा एक कर्नल इतक्या वर्षांनी त्यांची चौकशी करतोय, हे टोरांटोला कळलं की ऑस्लोला कळेल. मग ते अर्धं गावही संपलं. मी नाव नाही सांगणार."

"आबा!" संहिता ओरडली.

"नाही, बाळा."

"पण तुम्हालाच तर जाणून घ्यायचंय! आणि त्या... आणि आम्ही..." तिला पुढं मराठी सापडेना, इंग्रजीही सापडेना. ती उठली आणि इनियनजवळ जाऊन उभी राहिली. खोलीत आता दोन बाजू पडल्या होत्या आणि आबांच्या बाजूला कुणी नव्हतं.

तेव्हा सुचेताबाई म्हणाल्या, "नका सांगू." कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "राजन, त्यांना इंग्रजीत सांग. माझं यांच्याशी भांडण आहे आणि ते मी मरेपर्यंत भांडेन. पण यांनी नाव सांगायचं नाही. एकदा माझ्या नावानं तो माणूस गेला. आता त्याच्या नावानं त्याची माणसं नकोत जायला."

राजननं सांगितलं. पहिल्यांदाच त्यानं आईचं वाक्य न गुळमुळता, जसंच्या तसं सांगितलं.

योगेश्वरीनं फोन पर्समध्ये ठेवला. बराच वेळ ती कालव्याकडे बघत राहिली. काठावर एक राखी बगळा कितीतरी वेळ एका पायावर उभा होता. मग ती बोलली, तमिळमध्ये, आबांकडे बघून. इनियननं भाषांतर करायला तोंड उघडलं, तिनं हातानं त्याला थांबवलं.

ती म्हणाली, "माझ्या वडिलांवर गोळा कुणी टाकला त्याचं नाव मला कधी कुणी सांगितलं नाही. मी रोज मागत होते. तुम्ही नाव सांगितलं असतं तर मी मुलाला घेऊन गेले असते. मेलेल्या माणसाला आपल्या जिवाच्या शांतीसाठी पुन्हा उघडं पाडणारं घर मला नको." थोडं थांबून ती म्हणाली, "मी तुम्हाला माफ नाही केलेलं. तुमच्या फौजेला तर नाहीच. लग्न होऊ दे. तुम्ही लग्नाला या. पण समोर बसू नका. माझ्या मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकायला तुमचा हात नको."

"बरं," आबा म्हणाले.

मग त्यांनीच सगळ्यांना मराठीत सांगितलं, अक्षतांचंसुद्धा. संहिता रडायला लागली, लग्न होणार म्हणून की आबा मागच्या रांगेत बसणार म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. योगेश्वरीनं तिला जवळ बोलावून घेतलं आणि आपल्या रुमालानं तिचं नाक पुसलं.

पाहुणे साडेपाचच्या गाडीनं गेले. राजन त्यांना स्टेशनवर सोडायला गेला. मृदुलानं कपाटातून फोटो काढला, दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि "बाबा, हा...?" एवढंच म्हणाली. "असू दे तिथंच," आबा म्हणाले. तिनं तो परत आत ठेवला, आणि आज पहिल्यांदा सुचेताबाईंनी त्यावर काही म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये इथं आठ वाजेपर्यंत ऊन असतं. मागच्या बाजूला, कालव्याच्या काठी एक बाक आहे. सुचेताबाई शाल घेऊन तिथं जाऊन बसल्या. थोड्या वेळानं आबाही गेले. बसू का, असं त्यांनी विचारलं नाही, सुचेताबाईंनीही बसा म्हटलं नाही. पाण्यावर पुन्हा धुकं धरायला लागलं होतं, पिवळसर, पायांच्या उंचीचं. पलीकडची घरं पाण्यातून वर आल्यासारखी दिसत होती.

"मला त्या शिंप्याचं नाव नको," सुचेताबाई म्हणाल्या. "मी बडबडी आहे. तोंडातून जायचं कधी."

"हं."

"मुलगा झाला होता की मुलगी?"

"मुलगी."

"काय नाव ठेवलं?"

"त्यांच्यात एकतिसाव्या दिवशी ठेवतात." आबा पाण्याकडे बघत होते. "तो गेला तेव्हा बाविसावा होता."

सुचेताबाईंनी शाल गुंडाळून घेतली. "तुम्ही बघितलं होतंत तिला?"

"एकदा. लाडू द्यायला गेलो तेव्हा. मशिनशेजारी कपड्यांच्या गाठोड्यावर निजवली होती."

"कशी होती?"

आबांनी डोळे मिटले. दुकान आलं, लगेच, सगळंच्या सगळं. मशिनचं काळं चाक. पायाखाली चिंध्या. दोऱ्याची रिळं, तेलाचा वास, त्याच्या दातांत धरलेली टाचणी. गाठोडं आलं, त्यावरचं पिवळं फडकं आलं. तिथं ते थांबले. फडक्याच्या आत त्यांना काही दिसेना.

"आठवत नाही," ते म्हणाले. "सुचेता, मी बघितलंच नाही गं नीट. मी दाराकडे बघत होतो."

सुचेताबाईंनी त्यांचा हात हातात घेतला नाही. शालीचं एक टोक मात्र त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं.

"मग आठवा," त्या म्हणाल्या. "मी बसलेय इथं."